डेव्हलपरची कुळकथा

कृष्णधवल फिल्म घरच्या घरीं धुणाऱ्या मंडळींची संख्या आज फारशी नाहीं. पण जी आहे ती मोठी चिवट आहे. बाजारांत तयार द्रावणांच्या बाटल्या मिळत असतांहि हे लोक तराजू पुढें घेऊन बसतात, चार-पांच पुड्या सोडतात आणि लिटरभर पाण्यांत आपला डेव्हलपर आपणच कालवतात. वैद्याच्या घरीं काढ्याचा पाठ असावा तसा त्यांच्याजवळहि पाठ असतो. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कोडॅक कंपनीनें इ. स. १९२७ मध्यें पुढें आणलेला 'डी-७६'. मेटोल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम आणि सर्व मिळून १ लिटर होईल इतकें पाणी. एवढाच काय तो पाठ. तो साधला तर गंगेंत घोडें न्हालें. न साधला तर फिल्म टांकींतून बाहेर निघते ती कोरी, किंवा धुरकट, किंवा पिवळ्या डागांनीं माखलेली. आणि मग शोधाशोध सुरू होते. पाणी वाईट, फिल्म जुनी, कॅमेऱ्याचा पडदा अडकला, अशा सबबी एकामागून एक पुढें येतात आणि 'अमुक लक्षण, तमुक उपाय' अशीं कोष्टकें धुंडाळलीं जातात.

या कोष्टकांविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. निगेटिव्ह पातळ येण्याचीं कारणें चार असतात, आणि कोष्टक चारहि सांगून मोकळें होतें. आम्हांस वाटतें कीं, या विषयांत इतिहास हाच अधिक चांगला वैद्य आहे. वरील पाठांतील एकहि द्रव्य कोणा विद्वानानें हौसेखातर घातलेलें नाहीं. प्रत्येकाच्या मागें एक जुनी तक्रार आहे, आणि ती निवारण्यासाठीं कोणी तरी केलेली खटपट आहे. ती तक्रार ज्याला ठाऊक आहे, त्याला बिघडलेल्या द्रावणांत काय कमी पडलें किंवा काय अधिक झालें हें पुष्कळदां पाहतांक्षणींच ओळखतां येतें.

आधीं डेव्हलपरचें काम काय तें पाहूं. फिल्मवरील लेपांत चांदी आणि ब्रोमिन यांच्या संयुगाचे असंख्य सूक्ष्म कण असतात. ज्या कणावर उजेड पडतो त्यांत चांदीचे मोजके अणु सुटे होतात. इतके मोजके कीं, डोळ्यास कांहींच दिसत नाहीं. या सुप्त चित्रास दृश्य रूप देणें, म्हणजे उजेड लागलेल्या कणांतली सबंध चांदी मोकळी करणें, हें डेव्हलपरचें काम. पण अडचण अशी कीं, वेळ अधिक मिळाला तर तो उजेड न लागलेल्या कणांचीहि चांदी मोकळी करूं लागतो आणि सगळ्या फिल्मवर काळें धुकें चढतें. तेव्हां डेव्हलपरच्या अंगीं बळापेक्षां नीरक्षीरविवेक अधिक लागतो. शिवाय हा विवेक त्याला एकदांच दाखवावयाचा असतो. कागदावर छापलेलें चित्र बिघडलें तर दुसरें छापतां येतें. सुप्त चित्र बिघडलें कीं तें कायमचें गेलें.

या 'एकदांच'चा अर्थ स्टॉकहोमच्या जॉन हेर्ट्झबर्ग या छायाचित्रतज्ज्ञाइतका क्वचितच कोणास कळला असेल. इ. स. १८९७ च्या जुलै महिन्यांत आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तिघे स्वीडिश प्रवासी बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले ते नाहींसेच झाले. तेहतीस वर्षांनीं, १९३० च्या ऑगस्टमध्यें, क्वितोया नांवाच्या बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सांपडले. आणि त्यांबरोबर सांपडल्या स्ट्रिंडबर्गनें काढलेल्या, पण कोणींच न धुतलेल्या फिल्मा. त्या धुण्याचें काम हेर्ट्झबर्गकडे आलें. सुमारें २४० चित्रांपैकीं ९३ चित्रें त्यानें वांचविलीं. बर्फावर आडवें पडलेलें बलून आणि त्याकडे पाहत उभीं असलेलीं दोन माणसें, हें जगप्रसिद्ध चित्र त्यांतलेंच. तीन मृत माणसांच्या अखेरच्या दिवसांची साक्ष एका द्रावणावर अवलंबून होती, आणि दुसरी संधि नव्हती. आपल्याकडे एखाद्या वृद्ध आजीचें एकुलतें एक चित्र ज्या फिल्मवर असतें, त्या फिल्मची गोष्ट याहून कांहीं निराळी नसते.

आतां कुळकथेकडे वळूं. तिचें मूळ दोन अशा पदार्थांत आहे कीं जे आपल्या घरांत पूर्वापार होते. इंग्लंडांत टॅल्बट या गृहस्थानें इ. स. १८४० च्या सप्टेंबरांत असें पाहिलें कीं, कॅमेऱ्यांतून काढलेला कागद कोरा दिसत असला तरी चांदीचा क्षार मिसळलेल्या गॅलिक आम्लांत भिजविल्यास त्यावर चित्र हळूहळू वर येतें. गॅलिक आम्ल मायफळांतून निघतें. आपल्या बाळगुटींत उगाळलें जातें तेंच हें मायफळ. पुढें १८५१ सालीं आर्चरनें कलोडियनच्या ओल्या काचांची रीत आणली, तेव्हां डेव्हलपर म्हणून हिराकस पुढें आला. मायफळ आणि हिराकस! जुन्या शाईच्या दौतींतलेच हे दोन पदार्थ. आमच्या पूर्वजांनीं ज्यांनीं पोथ्या लिहिल्या त्यांनींच युरोपनें पहिलीं छायाचित्रें 'लिहिलीं', हा योगायोग आम्हांस मोठा रम्य वाटतो. अर्थात् त्यावरून छायाचित्रकला आपल्याकडे वेदकाळींच होती असें कोणीं सिद्ध करूं नये.

मायफळ लौकरच कोर्टांतहि गेलें. टॅल्बटनें आपल्या रीतीचें पेटंट घेतलें होतें, आणि लारोश नांवाचा लंडनचा छायाचित्रकार कलोडियनवर चित्रें काढी त्याच्यावर १८५४ सालीं त्यानें फिर्याद लावली. मुद्दा असा उपस्थित झाला कीं, लारोश वापरतो तें पायरोगॅलिक आम्ल व टॅल्बटचें गॅलिक आम्ल हीं एकच कीं निराळीं. दोन्ही बाजूंनीं रसायनज्ञांच्या साक्षी झाल्या. ज्यूरीनें टॅल्बटला संशोधकाचा मान दिला, पण लारोशनें त्याचें पेटंट मोडलें नाहीं असा निर्णय दिला. या निवाड्यानें इंग्लंडांतील छायाचित्रकला मोकळी झाली. पायरोगॅलिक आम्ल गॅलिक आम्ल तापवूनच मिळतें. पण गुणांत तें बापाहून पुष्कळ तेज निघालें.

तेज निघालें तरी तें आम्ल द्रावणांत बेतानेंच चाले. १८६२ सालीं मेजर रसेल यानें त्यांत अमोनियासारखा क्षार घालून पाहिला आणि एकदम वेग वाढला. आजच्या पाठांतील टाकणखार हा त्या अमोनियाचाच वंशज. परंतु वेगाबरोबर धुकेंहि आलें. म्हणून लगाम म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड घालण्याचा प्रघात पडला. येथें घरीं कालवणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. डी-७६ मध्यें ब्रोमाइड नाहीं, कारण टाकणखार हा अत्यंत सौम्य क्षार आहे. टाकणखार मिळाला नाहीं म्हणून कोणी धुण्याचा सोडा घातला, तर तें द्रावण बेलगाम होतें. चित्र भडक, दाणेदार व धुरकट येतें, आणि दोष बिचाऱ्या फिल्मच्या माथीं बसतो. उलट टाकणखार मुळींच पडला नाहीं तर चित्र येतें, पण संथ व पातळ. कारण सल्फाइट स्वतः थोडें क्षारधर्मी असतें.

पायरोची दुसरी तक्रार डागांची. हवेंतील प्राणवायु लागतांच तें तांबूस होई. मग काच, बशी, बोटें, सर्वच तपकिरी. १८८२ सालीं बर्कली यानें त्यांत सोडियम सल्फाइट घातलें आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. प्राणवायु आधीं सल्फाइटला गांठतो व डेव्हलपरचे बिघडलेले अणु सल्फाइट रंगहीन करून टाकतें, हें त्यांतलें इंगित. कालवलेलें द्रावण तासाभरांत चहासारखें होऊं लागलें तर दुसरीकडे पाहूंच नये. सल्फाइट कमी पडलें आहे.

तें कमी कां पडतें, याचीं कारणें मोठीं मजेदार आहेत, आणि आमच्या मतें घरगुती द्रावणांतील निम्म्या बिघाडांचें मूळ येथेंच आहे. सोडियम सल्फाइट दोन रूपांत मिळतें. एक निर्जल, दुसरें स्फटिक. स्फटिकांत जवळजवळ निम्मे वजन नुसत्या पाण्याचें असतें. १२६ भाग निर्जल सल्फाइट म्हणजे २५२ भाग स्फटिक, असा चोख दुपटीचा हिशेब आहे. तेव्हां पाठांत १०० ग्रॅम निर्जल लिहिलें असतां कोणीं १०० ग्रॅम स्फटिक घातले तर त्यानें अर्धेंच औषध घातलें. धुण्याच्या सोड्यांत हा घोटाळा अधिक वाईट. १०६ ग्रॅम निर्जल सोड्याचें काम करण्यास एकजल सोडा १२४ ग्रॅम लागतो, आणि मोठ्या स्फटिकांचा २८६ ग्रॅम. जुन्या पुस्तकांतले पाठ बहुधा स्फटिकांचे असतात, आजच्या पुड्या बहुधा निर्जल असतात. मग आजोबांच्या वहींतला पाठ नातवाच्या हातीं बिघडला तर नवल तें काय? शिवाय सैल बांधलेल्या पुडींत सल्फाइटचें हवेनें सल्फेट होतें, आणि दिसायला तें पूर्वीइतकेंच शुभ्र राहतें. आमच्या एका विद्यार्थ्यानें एका दुकानांतून आणलेली पुडी अशीच होती. ती ओल येऊन दगडासारखी झाली होती. दुकानदारानें ती कुटून, चाळून, नवीन म्हणून दिली. रसायनाची शुद्धता चाळणीनें येत नाहीं, हें त्या सद्गृहस्थांस कोणीं सांगावें?

हायड्रोक्विनोन हें द्रव्य कॅप्टन ॲब्नी यानें १८८० सालीं डेव्हलपर म्हणून दाखवून दिलें. मेटोल १८९१ मध्यें जर्मनींत निघालें. दोघांचे स्वभाव अगदीं उलट. मेटोलच्या द्रावणांत चित्र चटकन् दिसूं लागतें, पण त्यास दाटपणा हळूहळू येतो. हायड्रोक्विनोनमध्यें चित्र उशिरा दिसतें, पण एकदां दिसूं लागलें कीं झपाट्यानें काळें होतें. दोन्ही एकत्र केलीं तर दोघांच्या बेरजेहून अधिक काम होतें. मेटोल पुढें होऊन चांदी मोकळी करतें व थकतें, आणि हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा ताजें करतें. येथेंहि निदान सोपें आहे. डी-७६ मध्यें मेटोल विसरलें तर टाकणखारासारख्या सौम्य क्षारांत एकट्या हायड्रोक्विनोनच्या हातून जवळजवळ कांहींच होत नाहीं, फिल्म कोरी निघते. हायड्रोक्विनोन विसरलें तर चित्र येतें, मात्र अंमळ फिकें.

मेटोलचा आणखी एक लहरीपणा आहे. सल्फाइटच्या दाट द्रावणांत तें विरघळतच नाहीं. म्हणून आधीं कोमट पाण्यांत चिमूटभर सल्फाइट, मग मेटोल. तें पूर्ण विरघळल्यावर उरलेलें सल्फाइट, त्यानंतर हायड्रोक्विनोन आणि शेवटीं क्षार, असा क्रम आहे. चिमूट प्राणवायूपासून रक्षणापुरती. सगळें सल्फाइट आधीं घालणाऱ्याला पांढरा चोथा तळाशीं दिसतो आणि तो दोष पाण्याला देतो. पाण्याचाहि चोथा असतो खरा. विहिरीच्या जड पाण्यांतला चुना सल्फाइटशीं मिळून पांढरा गाळ धरतो. पण तो गाळ बहुधा निरुपद्रवी असतो, गाळून घेतला कीं झालें. मेटोलचा चोथा गाळून टाकणें म्हणजे औषधच टाकून देणें. कांहीं लोकांच्या हातांस मेटोलनें खाजरे चट्टे उठतात. अशांनीं रबरी मोजे घालावे, किंवा फेनिडोनची वाट धरावी. तें १९४० मध्यें इंग्लंडांत इलफर्ड कंपनीच्या केंडॉल यानें शोधलें.

याच सुमाराची, म्हणजे १८९० ची, आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. हर्टर व ड्रिफील्ड हे विडनेसच्या सोड्याच्या कारखान्यांतले दोघे हौशी गृहस्थ. तोंवर अशी समजूत होती कीं, कुशल माणूस डेव्हलपरमध्यें कमीअधिक करून उजेडाची कोणतीहि चूक सुधारूं शकतो. या दोघांनीं काळेपणा मोजून दाखविलें कीं, फिल्म अधिक वेळ ठेवल्यानें उठाव वाढतो, पण ज्या छायेपर्यंत उजेड पोंचलाच नाहीं तींत तपशील उत्पन्न होत नाहीं. जुन्या कारागिरांस हें मुळींच रुचलें नाहीं. परंतु आज निगेटिव्ह हातीं धरून दोष कोणाचा हें ठरवावयाचें तर आधार हाच. छाया रिकाम्या व उजळ भाग मात्र चांगले दाट, तर चूक कॅमेरा धरणाऱ्याची. छायेंत तपशील आहे पण सगळेंच पातळ, तर चूक द्रावणाची, वेळेची किंवा उष्णमानाची. फिल्मच्या कडेला कारखान्यानें उजेडानें उमटविलेले आंकडे असतात, तेहि बोलके साक्षीदार. चित्रें नाहींत पण आंकडे ठसठशीत आहेत, तर डेव्हलपर निर्दोष. आंकडेहि नाहींत, तर डेव्हलपर मेलेला होता, किंवा कोणी हायपोच आधीं ओतला.

ही विद्या आपल्याकडे आली ती उशिरा नव्हे. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येंच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. पण चलच्चित्रांची गोष्ट निराळी. सावेदादा भाटवडेकरांनीं १८९९ मध्यें कुस्तीची फिल्म घेतली, ती धुण्यासाठीं विलायतेस पाठवावी लागली. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ मध्यें लंडनहून यंत्रें आणल्यावर दादरच्या राहत्या घरांतच फिल्म धुण्याचा उद्योग मांडला. फिल्मला भोकें पाडणें, रसायनें कालवणें, फिल्म धुणें, हीं कामें सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि करीत. 'राजा हरिश्चंद्र' मे १९१३ मध्यें लोकांपुढें आलें त्यामागें या बाईंचें अंधारखोलींतलें काम होतें. नटांचें व दिग्दर्शकाचें कौतुक करतांना या गोष्टीला आपण दोन ओळींवर जागा देत नाहीं, हें योग्य नव्हे. धुलाई घरीं नसती, तर काल घेतलेला प्रसंग बिघडला आहे हें आज कळून उद्यां तो पुन्हा घेतां आला नसता. आणि मग तें चित्र पुरें झालें असतें कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

आपल्याकडील धुलाईस विलायती पुस्तकांत नसलेला एक शत्रु आहे, तो म्हणजे उन्हाळा. पाठ लिहिणारा १८ किंवा २० अंश सेल्सियस गृहीत धरतो. आपल्या नळाचें पाणी चैत्र-वैशाखांत ३० च्या वर जातें. मग वेळेचें गणित चुकतें, आणि फिल्मवरील जिलेटिनचा लेप फुगून, मऊ होऊन सुरकुततो किंवा सुटतो. बाटलीभोंवतीं बर्फ ठेवणें हा सरळ उपाय. दुसरा उपाय द्रावणांत सोडियम सल्फेट घालण्याचा. त्यानें लेप फारसा फुगत नाहीं. जें सल्फेट सल्फाइटच्या पुडींत दोष ठरतें, तें येथें औषध!

डी-७६ हें इतक्या तक्रारींचें उत्तर घेऊन जन्मलें, तरी त्याच्याहि पोटीं एक तक्रार निघाली. कालवून ठेवलेलें द्रावण कांहीं आठवड्यांनीं मंद व्हावें अशी कोणाचीहि अपेक्षा. हें उलट अधिक जोरदार होई. अर्धी रिकामी बाटली असली तर विशेषच. हवेनें हायड्रोक्विनोन बिघडतें, सल्फाइट त्याला गांठतें, आणि या व्यवहारांत थोडा दाहक क्षार मोकळा होतो. २ ग्रॅम टाकणखाराला तो आवरत नाहीं. कोडॅकच्याच रसायनज्ञांनीं यावर तोड काढली. टाकणखार ८ ग्रॅम आणि जोडीला बोरिक आम्ल ८ ग्रॅम, म्हणजे एक ओढणारा व एक धरणारा. पुढें १९४४ मध्यें हेन व क्रॅबट्री यांनीं याहून धीट पाऊल टाकलें. मेटोल ७.५ ग्रॅम, निर्जल सल्फाइट १०० ग्रॅम, बस्स. हायड्रोक्विनोनहि नाहीं, टाकणखारहि नाहीं. हा 'डी-२३' होय. घरीं कालवण्यास आरंभ करणाऱ्यानें येथूनच करावा असें आमचें स्पष्ट मत आहे. जेथें दोनच द्रव्यें आहेत तेथें चुकण्याच्या जागाहि दोनच.

हायपोचे थेंब डेव्हलपरमध्यें पडल्यास एक विलक्षण डाग येतो. फिल्म उजेडासमोर धरली तर तांबूस, आणि तिच्यावरून परतणाऱ्या उजेडांत पाहिली तर हिरवट. हा डाग दिसला तर पुड्या, पाणी, पाठ कांहीं तपासूं नये; भांडीं धुवावीं.

अलीकडे क जीवनसत्त्वाच्या जातीचीं द्रव्यें डेव्हलपरमध्यें आलीं आहेत. कोडॅकनें १९९६ मध्यें 'एक्सटोल' या नांवानें असें द्रावण बाजारांत आणलें, आणि घरीं कालवणाऱ्यांनींहि तसे पाठ बसविले. विषारीपणा कमी, दाणा बारीक, सर्व खरें. पण जुने डेव्हलपर मरण्यापूर्वीं तपकिरी होऊन सूचना देत. हा मरतो तेव्हां पाण्यासारखा निर्मळ दिसतो. नळाच्या पाण्यांतलें किंचित् लोह वा तांबें त्याच्या नाशाला पुरेसें होतें. लोहाच्या या करामतीचें वर्णन फेंटन नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें १८९४ मध्येंच केलें होतें. ज्या हिराकसांतल्या लोहानें एके काळीं चित्रें वर आणलीं, तेंच लोह येथें गुपचूप डेव्हलपर खातें. म्हणून असें द्रावण शुद्धोदकांत कालवावें, बाटली गळ्यापर्यंत भरावी, आणि रंगावर विश्वास न ठेवतां दर वेळीं परीक्षा घ्यावी. फिल्मचें जें टोंक कॅमेऱ्यांत भरतांना उजेडांत राहतें त्याचा दोन बोटें तुकडा कापून भर उजेडांतच द्रावणांत टाकावा. द्रावण जिवंत असेल तर तो चार-पांच मिनिटांत कोळशासारखा काळा होतो. तो करडाच राहिला, तर तें द्रावण मोरींत ओतून नवें कालवावें. फिल्म डब्यांत आणखी एक दिवस राहिली म्हणून तिचें कांहीं बिघडत नाहीं.